ओरोझालीची जोर्गो

डोंगरातल्या कोचकोर गावाच्या खालच्या आळीतून जाणाऱ्याला ओरोझाली भेटायचा तो पायांनी. अंगणात गाडी उभी, गाडीखालून दोन रबरी बूट बाहेर आलेले आणि बाकीचा ओरोझाली आत. लोक बुटांनाच सलाम करत. आतून आवाज येई, "व अलैकुम! बसा, चहा घ्या, आलोच." बसणारा बसे, चहा पिई, पाव-लोणी खाई, गावभरच्या बातम्या सांगे आणि उठून निघूनही जाई. ओरोझालीचं 'आलोच' तोवर संपलेलं नसे.

माणूस तसा साधा. वीज खात्यात वायरमन होता. नोकरी होती तोवर खांबावर राहिला आणि निवृत्त झाला तसा थेट गाडीखाली गेला, मधल्या उंचीवर त्याला कुणी पाहिलंच नाही, असं शेजारचा सातिबालदी सांगत असे. सातिबालदीचं सगळं खरं मानायचं कारण नाही, पण हे खरं होतं.

ती गाडी म्हणजे रुपेरी रंगाची, घराएवढी जपानी जीप. कधी काळी राजधानीतल्या, बिश्केकच्या, कुणा बड्या असामीची असावी. आत कातड्याच्या खुर्च्या, लाकडाच्या चकचकीत पट्ट्या, आणि दार लावलं की असा काही भारदस्त आवाज व्हायचा, की लावणाऱ्याला उगीचच आपण मंत्री झाल्यासारखं वाटे. पण हे वैभव आता म्हातारं झालं होतं, आणि श्रीमंतीत वाढलेल्या म्हाताऱ्यांचे असतात ते सगळे नखरे तिला होते. तेल अमुकच पाहिजे. थंडीत आधी थोडा वेळ गुरगुरू दिलं पाहिजे. डावीकडची मागची काच खाली केली तर वर येईल याची खात्री नाही, म्हणून तिला कुणी हातच लावायचा नाही.

त्यात सगळ्यात मोठा नखरा चाकांपाशी होता. इतर गाड्या नुसत्या स्प्रिंगांवर चालतात. हिला स्प्रिंगांच्या जोडीला प्रत्येक चाकाशी एक लोखंडी गोळा होता, गोळ्यात तेल आणि वायू, आणि तेल ढकलायला एक पंप. एक बटण दाबलं की गाडी उंच होई, दुसरं दाबलं की खाली बसे. खड्डा आला की तेल गोळ्यात शिरे आणि खड्डा तिथेच जिरून जाई, आतल्या माणसापर्यंत पोचत नसे. सुखच होतं ते. पण वय झालं की गोळ्यातला वायू संपतो, नळ्या गंजतात, तेल पाझरतं. जिल्ह्यात अशा गाड्या काही कमी नव्हत्या. प्रत्येक शहाण्या मालकाने पंप आणि गोळे उपटून फेकले होते आणि जाड स्प्रिंगा ठोकून तो मोकळा झाला होता. एकटा ओरोझालीच बिश्केकच्या बाजारात जुन्या सामानाचे ढीग उपसत, एखादा बरा गोळा मिळाला की तो लेकरासारखा मांडीवर घेऊन बसमधून घरी येई.

"तुझी ती गाडी नाही, सासू आहे," सातिबालदी म्हणे. "रोज पाय चेपायचे आणि वर नावं ऐकून घ्यायची."

"आणि तुझी?"

"माझी गरीब आहे बिचारी. कधी बोलत नाही."

"चालतही नाही."

यावर सातिबालदी पावाचा तुकडा तोडून घेई. त्याची चौकोनी जर्मन जीपही अशीच एके काळची राजेशाही होती. सध्या ती त्याच्या गोठ्यात लाकडी ठोकळ्यांवर उभी होती, चाकं भिंतीला टेकलेली, आणि टपावर कोंबड्या. सातिबालदी रोज तिच्यापाशी जाऊन उद्या काय करायचं ते ठरवी आणि मग ओरोझालीच्या अंगणात चहाला येई.

ओरोझालीने गाडीचं नाव ठेवलं होतं जोर्गो. जोर्गो म्हणजे मऊ चालीचा घोडा. त्याच्या पाठीवर बसून वाटीतला चहा पीत जावं, थेंब सांडणार नाही. असा घोडा ज्याच्या दारी त्याला मान असतो. गावात हसत त्याला. बायकोपेक्षा गाडीची ऊठबस जास्त करतो म्हणत. ओरोझाली ऐकून घेई. खरं कारण दोघांनाच माहीत होतं, आणि ती दोघं नवरा-बायको असल्यामुळे त्यावर कधी बोलत नसत.

काही वर्षांपूर्वी पानगळीच्या दिवसांत ओढ्याकाठच्या बर्फावर त्याच्या बायकोची, अनारकुलची, घोडी घसरली आणि तिच्या अंगावरच पडली. हाडं जुळली, कंबर काही पूर्वीसारखी झाली नाही. नारिनच्या डॉक्टरने बजावलं, यापुढे घोडा नाही, ट्रक नाही, दगडधोंड्यांचा रस्ता नाही. आता वर सोंग-कोल तळ्याकाठच्या कुरणावर जायला दगडधोंड्यांखेरीज रस्ता आहे कुठे? उन्हाळ्यात जनावरं वर जातात, त्यांच्यामागे तंबू घेऊन माणसं जातात. अनारकुलचा जन्मच तिथल्या तंबूतला. तिच्या हातचं कुमिस प्यायला, म्हणजे आंबवलेलं घोडीचं दूध प्यायला, तळ्याच्या पलीकडच्या काठावरून लोक घोडे पिटाळत येत.

त्यानंतरच्या उन्हाळ्यात ती खालीच राहिली. तक्रार एका शब्दाने केली नाही. फक्त वरून येणाऱ्या प्रत्येकाला विचारी, "गवत कसंय यंदा? गुडघ्याएवढं झालं का?" आणि उत्तर ऐकलं की आत जाऊन भांडी घासायला बसे. घासलेलीच भांडी. ओरोझालीला ते बघवेना. त्याने आपले घोडे विकले आणि बिश्केकच्या गाडीबाजारात जाऊन उभा राहिला. सोबत चहाचा थर्मास आणि एक वाटी. गाडी पसंत पडली की तो मागच्या खुर्चीवर बसे, वाटी काठोकाठ भरे आणि विकणाऱ्याला म्हणे, "चल, त्या खोदलेल्या रस्त्यावरून फिरवून आण." विकणारे त्याला वेडा समजले. बऱ्याच विजारी भिजल्यावर एका गाडीत वाटी भरलेली राहिली. तीच ही.

तेव्हापासून दर उन्हाळ्यात अनारकुल जोर्गोत बसून वर जायची, तीही अशा थाटात, की लोकांना वाटलं बाईची कंबर बरी झाली. तिला तेच हवं होतं. कुणी कीव केलेली तिला खपत नसे.

असं सगळं सुरळीत चाललेलं असताना जूनच्या सुरुवातीला भाच्याचा फोन आला.

भाचा म्हणजे ओरोझालीच्या थोरल्या बहिणीचा मुलगा, उलुकमिर्झा. बिश्केकमध्ये दातांचा डॉक्टर. अंगाने आडवा, आवाजाने मोठा, मनाने मोकळा. फोनवर म्हणाला, "मामा, शनिवारी येतोय. या वेळी तुमच्याबरोबर वर कुरणावर यायचंय. आणि हो, माझं तिसरं मागणं अजून बाकी आहे हं! विसरू नका." आणि खदाखदा हसून त्याने फोन ठेवला.

ओरोझालीच्या तोंडचं पाणी पळालं. बहिणीचा मुलगा हे काय प्रकरण असतं ते कोचकोरमध्ये कुणाला सांगावं लागत नाही. आजोळच्या घरात त्याने तीनदा मागायचं. डोळ्यात भरेल ते मागायचं आणि मामाने "घे, लाभो तुला" एवढंच म्हणायचं. का म्हणून विचारायचं नाही. अडचण तर मुळीच सांगायची नाही, कारण अडचण सांगणं म्हणजे नाही म्हणणं, आणि भाच्याला नाही म्हटलेल्या मामाने मग गावात तोंड दाखवू नये. म्हणून तर भाचा येणार असं कळलं की चांगली चांगली शिंगरं रातोरात शेजाऱ्याच्या गोठ्यात मुक्कामाला जातात. उलुकमिर्झाने सात वर्षांचा असताना तांबडं शिंगरू मागितलं होतं, ते पुढे शर्यती जिंकत सुटलं. लग्नात त्याने आजोबांचं चांदीच्या फुलांचं खोगीर मागितलं होतं. भाच्याची नजर कधी चुकत नाही, हे ओरोझालीला चांगलं ठाऊक होतं.

"गाडीच मागणार तो," सातिबालदीने चहा ओतून घेत निकाल दिला. "तुझ्याकडे मागण्यासारखं दुसरं आहे काय? हे बूट?"

"मग काय करू? तुझ्या गोठ्यात लपवू?"

"जागा कुठाय? माझी आहे ना तिथे."

"तुझी बाहेर काढ."

"बाहेर काढायला ती चालली पाहिजे." सातिबालदीने दाढी खाजवली. "आणि लपवून उपयोग काय? वर जाताना कशातून जाणार, माझ्या कोंबड्यांवर बसून? लपवायची नाही. आजारी पाडायची. लंगडं घोडं कुठला भाचा मागतो?"

अनारकुल पीठ मळत होती. ती म्हणाली, "अहो, असलं काही करू नका. पोरगा चांगला आहे."

"चांगला आहे म्हणूनच भीती," ओरोझाली म्हणाला. "चांगल्या पोराला चांगलंच आवडतं."

शनिवारी सकाळी त्याने बटण दाबून जोर्गोला पार खाली बसवली, इंजिन बंद केलं, झाकण उघडलं आणि पंपाचा फ्यूज उपटून कोटाच्या खिशात टाकला. आयुष्यभर त्याने लोकांच्या घरचे उडालेले फ्यूज बदलले होते. धडधाकट फ्यूज काढायची वेळ त्याच्यावर पहिल्यांदाच आली होती, आणि त्याला स्वतःच्याच घरात चोरी केल्यासारखं झालं. गाडी पोट जमिनीला टेकवून बसली. तेवढ्याने सातिबालदीचं समाधान होईना. तो घरून आपल्या गाडीतलं काळंकुट्ट तेल डब्यात घेऊन आला आणि त्याने ते पुढच्या चाकाखाली ओतलं.

"अरे, पुरे! माझ्या गाडीतून असलं घाण तेल कधी गळलं नाही."

"आज गळू दे. तिची अब्रू गेली तरी चालेल, तुझी गाडी वाचेल."

दुपारी उलुकमिर्झा आला. कोरी करकरीत काळी चिनी जीप फाटकापुढच्या नालीवरून आत आली ती 'खडाक्' असा आवाज करत. बाकी कुणाचं लक्ष गेलं नाही, पण ओरोझालीच्या कानाने तो आवाज टिपून घेतला. दणकट स्प्रिंगा. ओझ्याला उत्तम, कंबरेला यमदूत.

भाच्याने मामाला मिठी मारली, मामीला रुमाल दिला, मिठाई दिली आणि मग तो सातिबालदीकडे वळला. "काय काका! तो मागचा दात अजून काढला नाही ना? बघू, आ करा."

सातिबालदीने जे तोंड मिटलं ते मिटलंच. भाच्याला गाडीच्या दुखण्याची सगळी कहाणी त्यानेच रंगवून सांगायची असं ठरलं होतं, पण डॉक्टरच्या भीतीने त्याच्या तोंडून हूं का चूं निघेना. खोटं बोलायचं काम एकट्या ओरोझालीवर पडलं, आणि त्याला ते मुळीच जमत नव्हतं.

"मामा, जोर्गोला काय झालं?" उलुकमिर्झा गाडीपाशी उकिडवा बसला. त्याने काळ्या तेलात बोट बुडवून पाहिलं.

"म्हातारी झाली."

"किती दिवस अशी बसलीय?"

"झाले... काही दिवस."

"दुरुस्त होईल?"

"कुणास ठाऊक."

"मग मामीला वर कशी नेणार?"

"बघू."

हे 'बघू' म्हणताना ओरोझालीचा चेहरा असा काही पडला की ज्याचं नाव ते. खोटं बोलण्याची लाज होती ती. भाच्याला वाटलं, मामा खचला. त्याने मामाचे काळवंडलेले हात पाहिले, थंड जमिनीवर लोळून आखडलेले गुडघे पाहिले. आई नेहमी सांगायची, तुझा मामा त्या गाडीपायी झिजून चाललाय. जेवताना अनारकुलने तळलेलं मांस दोनदा वाढलं, ते भाच्याने संपवलं. जेवून झाल्यावर त्याने हात धुतले, टोपी नीट केली आणि अंगणात मामासमोर सरळ उभा राहिला. सातिबालदीचा हात चहाच्या वाटीसकट अर्ध्यावर थांबला.

"मामा, माझं तिसरं मागणं राहिलंय. मला ही गाडी द्या."

ओरोझालीच्या डोळ्यांसमोर एकदम घासलेली भांडी आली. अनारकुल खालीच राहील, आणि वरून येणाऱ्याला विचारील, गवत कसंय. हे सगळं ओठांवर आलं आणि तिथेच थांबलं. तो मामा होता.

"घे," तो म्हणाला. "लाभो तुला."

"लाभली, लाभली!" भाच्याचा चेहरा खुलला. त्याने खिशातून आपल्या जीपची किल्ली काढून मामाच्या हातात कोंबली. "आता ऐका. भाच्याकडून मामा भेट घेत नाही हे मला माहितीय. तसं म्हटलं असतं तर तुम्ही मला फाटकाबाहेर काढलं असतं. पण मी एक नेतोय, एक ठेवतोय, यात भेट कुठे आली? ही मोडकी मी ट्रकवर घालून नेतो, सुट्या भागांत विकून टाकतो. तुम्ही नवी चालवा. पाठ जमिनीला लावायची नाही पुन्हा. सुटलात!"

सातिबालदीच्या तोंडून इतक्या वेळाने पहिला शब्द निघाला, तोही "अरे देवा" एवढाच. भाचा गाडी मागायला आलाच नव्हता. चांगली जोर्गो दारात उभी असती तर त्याने तिच्यावर हात फिरवला असता, वाहवा केली असती आणि तो गप्प बसला असता. ती लंगडी दिसली म्हणून त्याने ती मागितली. मामाची सुटका करायला.

ओरोझाली त्या किल्लीकडे बघत उभा राहिला. मग त्याने ती कठड्यावर ठेवली आणि गाडीकडे गेला. दिलं ते दिलं. पण धडधाकट घोडा लंगडा म्हणून हवाली करायचा, हे काही त्याच्याने होणार नव्हतं. सुटे भाग म्हणे! त्याने झाकण उघडलं, खिशातून फ्यूज काढून जागेवर बसवला, आत बसून इंजिन चालू केलं आणि बटण दाबलं.

पंप गुणगुणू लागला. जोर्गोने आधी मागचा भाग उचलला, मग पुढचा, आणि एक हलका सुस्कारा टाकून ती ताठ उभी राहिली. सातिबालदी आभाळाकडे बघू लागला.

उलुकमिर्झा आधी आ वासून बघत राहिला. मग त्याला हसू फुटलं, अंगण दणाणून सोडणारं हसू. "मला घाबरून बसवली होती? मामा! आणि हे तेल?"

"ते माझं," सातिबालदी तोंडावर हात धरून म्हणाला.

भाचा पुन्हा हसला, पण ते हसू मध्येच विरलं. तो गाडीच्या पायरीवर बसला. "मामा, मी लुटायला येतो असं वाटतं तुम्हाला?"

ओरोझालीने इंजिन बंद केलं.

"तिसरं मागणं मी कधीच मागणार नव्हतो," उलुकमिर्झा म्हणाला. "शिंगरू घेतलं, खोगीर घेतलं, तिसरं ठेवून दिलं होतं. ते शिल्लक होतं तोवर आजोळाशी माझा व्यवहार संपलेला नव्हता. तुम्ही घाबरून का होईना, माझी वाट बघत होता. आज तुमचं तोंड बघवेना म्हणून खर्च करून टाकलं मी ते. आणि तुम्ही..." त्याने हाताने गाडी दाखवली. एवढा मोठा माणूस, पण आवाज सात वर्षांच्या पोराचा झाला होता.

ओरोझालीला मेल्याहून मेल्यासारखं झालं. बोलावं तर अडचण सांगितल्यासारखं, गप्प राहावं तर पोराचं मन मोडलेलं.

तेवढ्यात अनारकुल झग्याला हात पुसत पायऱ्या उतरून आली. "हे बोलणार नाहीत, मामा आहेत. मी मामी आहे, मला कसलीच आडकाठी नाही. ऐक. माझी कंबर बरी झालेली नाही. कधी होणारही नाही. या गाडीतून मी वर जाऊ शकते, दुसऱ्या कशातून नाही. म्हणून हा माणूस इतकी वर्षं तिच्याखाली पाठ टेकून पडलाय. गाव हसलं तरी याने कुणाला सांगितलं नाही, कारण मला कीव आवडत नाही हे याला ठाऊक आहे. गाडीचा लोभ नाही रे त्यांना. माझा आहे."

एवढं बोलून ती लाजली, आणि लाजल्याचा राग येऊन म्हणाली, "आणि सातिबालदी, ते तेल आधी पुसा. माझं अंगण आहे ते."

"हो वहिनी," म्हणून सातिबालदी निमूटपणे फडकं शोधायला लागला. इतकी वर्षं आपण सासूचे विनोद कुणाला ऐकवत होतो, हे त्याला आज कळलं. फडकं हाताशीच होतं, तरी त्याला ते बराच वेळ सापडलं नाही.

उलुकमिर्झाने डोळे पुसले. अडचण आता त्याची होती. मागून घेतलेलं परत देणं म्हणजे मामाच्या दानाला नाक मुरडणं. तेही चालत नाही. तो गाडीभोवती एक फेरी मारून आला. तिच्या नाकावर थाप मारली. मग मान वर करून मोठ्या आवाजात म्हणाला, "बरं. गाडी माझी."

"तुझी," ओरोझाली म्हणाला.

"माझं जनावर मी कुठेही ठेवीन."

"ठेव की."

"शहरात मला कुरण नाही. दिवसभर लोकांच्या तोंडात डोकावायचं, हिचं खाणंपिणं कोण बघणार? वाडवडील काय करायचे? जनावर जास्त झालं की भरवशाच्या माणसाकडे राखणीला ठेवायचे. जनावर मालकाचं, दूध राखणाऱ्याचं. मामा, माझी जोर्गो मी तुमच्या अंगणात राखणीला ठेवतो. नाही म्हणू नका, मी आता मालक आहे."

ओरोझालीने वर पाहिलं. वायरमन असल्याने त्याने घाईने जोडणी केली नाही. नीट विचार करून म्हणाला, "ठेवीन. पण राखणीची एक रीत आहे. मालकाने अधूनमधून येऊन आपलं जनावर बघून जायचं असतं. राखणारा काय करतो, काय नाही, कुणास ठाऊक. एखादा बदमाश असला तर फ्यूजही काढून ठेवील."

"किती वेळा यायचं?"

"मालकाला काळजी असेल तितक्या वेळा," मामा म्हणाला. "तिसरं मागणं संपलं म्हणून यायचं थांबलास तर मी तिच्यातले गोळे उपटून साध्या स्प्रिंगा घालीन. मग बस बोंबलत."

भाच्याने मामाला जी मिठी मारली तिने दोघांच्याही कोटांना सातिबालदीचं तेल लागलं. अनारकुल कपाळाला हात लावून आत गेली. आतून मग बराच वेळ भांड्यांचा आवाज येत होता, पण तो सामान बांधण्याचा होता.

दुसऱ्या दिवशी सगळे वर निघाले. जोर्गोत ओरोझाली, शेजारी अनारकुल, मागच्या खुर्चीवर पाय पसरून मालक. चिनी जीप सातिबालदी चालवत होता. नवी गाडी चालवायला मिळणार म्हणून त्याने सकाळी नवी टोपी घातली होती. घाट सुरू झाला तसा त्याचा फोन यायला लागला.

"ओरोझाली, हळू! माझा तो दात आपोआप पडणार आता."

"बरं झालं. डॉक्टर सोबतच आहे."

"गोळे मिळतात का रे हिला घालायला?"

"तू आधी स्वतःची गाडी ठोकळ्यावरून उतरव," म्हणून ओरोझालीने फोन ठेवला.

खिंडीच्या अलीकडे रस्ता ओढ्याच्या पात्रातूनच जातो. तिथे दगड असे की घोडासुद्धा विचार करून पाय टाकतो. ओरोझालीने बटण दाबून गाडी उंच केली आणि सावकाश आत घातली. तेल गोळ्यांत शिरत होतं, बाहेर येत होतं. पलीकडे चढावर गवत दिसायला लागलं होतं, गुडघ्याएवढं. ते दाखवायला त्याने अनारकुलकडे पाहिलं. मांडीवर चहाची भरलेली वाटी धरून तिचा डोळा लागला होता, आणि वाटीतला चहा होता तिथेच होता. मग त्याने आरशात मागे पाहिलं. मागणं, राखण, मालकी सगळं विसरून भाचाही तोंड उघडं टाकून झोपला होता, आजोळी येऊन झोपतात तसा. ओरोझालीने पुढचा मोठा दगड चाकाखाली न घेता गाडी जरा बाजूने काढली.